‘पी१६ पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

आईंच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘पी१६ पॉझिटिव्ह’ असे आले आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी थांबत का नाहीत, पसरतात कशा, आणि पुण्यात तयार होणारी लस आता देऊन उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यातच एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत अशा स्लाइड तपासते, म्हणून त्या शब्दापासूनच सुरुवात करते.

निरोगी अस्तरावर पी१६ चा रंग फारसा चढत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली निळी केंद्रके तेवढी दिसतात. अशा पॉझिटिव्ह स्लाइडवर मात्र तपकिरी रंग सलग पसरलेला असतो. ऐकून नवल वाटेल, पण पी१६ हे पेशींची वाढ रोखणारे प्रथिन आहे. ते ज्याच्यामार्फत वाढ रोखते, ते आरबी नावाचे प्रथिन ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, ई७ या प्रथिनाने निकामी केलेले असते. त्यामुळे डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा मोकाट सुटते आणि पेशी पी१६ वाढवत राहिली तरी उपयोग होत नाही. सायकलचा ब्रेक घट्ट दाबलेला असावा, पण त्याची तार तुटलेली असावी, तसे हे आहे.

इतकी बिघडलेली पेशी खरे तर स्वतःच मरायला हवी, आणि ते पाहण्याचे काम पी५३ या पेशीतल्याच प्रथिनाचे. विषाणूचे ई६ हे प्रथिन पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून पी५३ वर युबिक्विटिनची खूण करवते, आणि खूण झालेले पी५३ पेशी स्वतःच मोडीत काढते. ई६ टेलोमरेज हे गुणसूत्रांची टोके झिजू न देणारे एन्झाइमही सुरू करते, त्यामुळे विभाजनाला मर्यादा उरत नाही. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की पी५३ आणि आरबी यांची जनुके बहुतेक रुग्णांत शाबूत असतात. १९५१ साली एका रुग्णाच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशींत एचपीव्ही १८ आहे, आणि प्रयोगशाळेत त्यांतील ई६ व ई७ बंद केले की दशकानुदशके वाढत आलेल्या त्या पेशींचीही वाढ थांबते.

बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातो. तो टिकला, तर कधी कधी विषाणूचा वर्तुळाकार डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात शिरतो. ही तूट बऱ्याचदा ई२ च्या जनुकात पडते, आणि ई६-ई७ ला आवरणारे ई२ नाहीसे होते.

पसरताना पेशींना एकमेकींशी बांधणारे ई-कॅडहेरिन कमी होते, त्या सुट्या होतात आणि अस्तराखालचा पडदा विरघळवणारी एन्झाइमे सोडतात. मग लसीकावाहिन्यांतून त्या बहुधा आधी ओटीपोटातील लसीकाग्रंथींत पोहोचतात. डॉक्टर स्कॅनमध्ये त्या ग्रंथी बारकाईने पाहतात ते यासाठीच.

सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस विषाणूच्या बाहेरच्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. कर्करोगाच्या पेशींत ते कवच तयार होत नाही, तिथे ई६ आणि ई७ चालू असतात. म्हणून आईंना उपचार म्हणून तिचा उपयोग होणार नाही. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल, तर तिच्यासाठी मात्र बालरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात विचारा.