पाण्यावर ब्लॉक कोपॉलिमरचा थेंब टाकला तर आपोआप नॅनो ठिपके कसे काय तयार होतात?

सोपंय, पण गंमत आहे. ब्लॉक कोपॉलिमर म्हणजे दोन वेगळ्या पॉलिमरचे तुकडे जोडून झालेली एकच लांब साखळी. पॉलिस्टायरीन आणि पॉलिइथिलीन ऑक्साइड ही जोडी घ्या, एकाच साखळीचं एक टोक पाण्याला घाबरणारं आणि दुसरं पाण्यात आवडीने पसरणारं, आणि दोघं केमिकल बॉंडने बांधलेले, त्यामुळे भांडण झालं तरी वेगळं होता येत नाही 😄

हे क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून पाण्यावर थेंब थेंब सोडायचं. क्लोरोफॉर्म पसरतो आणि उडून जातो, आणि तो उडत असतानाच खरा खेळ होतो, म्हणजे पॉलिस्टायरीनवाले भाग पाण्यापासून पळून एकमेकांना चिकटतात आणि दुसरा भाग त्यांच्याभोवती पाण्याच्या पृष्ठभागावर पसरून राहतो, म्हणून सगळ्यांचा मिळून एकच मोठा गोळा होत नाही. पॉलिस्टायरीन साधारण १०० डिग्रीच्या खाली काचेसारखं कडक असतं, त्यामुळे सॉल्व्हंट (म्हणजे क्लोरोफॉर्म) गेला की जो आकार झाला तो तिथेच गोठतो. म्हणूनच याला शुद्ध इक्विलिब्रियम, म्हणजे पूर्ण स्थिरावलेली समतोल अवस्था, म्हणणं मला तरी पटत नाही.

पाणी आवडणारा भाग जास्त असेल तर ठिपके, कमी केला तर शेवयांसारखे धागे, अजून कमी केला तर सपाट बेटं. थेंबातलं द्रावण जास्त घट्ट घेतलं तरी धागे-बेटं वाढतात, हे लोक विसरतात.

असे सरफेस मायसेल (म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरचे हे पुंजके) १९९१ च्या सुमारास कॅनडात मॅकगिल युनिव्हर्सिटीत आयझेनबर्ग आणि लेनॉक्स यांच्या ग्रुपने दाखवले, तिथे पॉलिमर थोडा वेगळा होता. बघायचं असेल तर थर काचेवर किंवा अभ्रकावर उचलून एएफएमखाली (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, बारीक सुईने पृष्ठभाग चाचपून चित्र काढणारं यंत्र) ठेवा.