घराच्या गेटला मोटर लावायची आहे. सरकतं गेट बरं की दोन पल्ल्यांचं? मोटर किती किलोची घ्यावी?

तुम्ही प्रश्नाखाली तपशील दिलाय: गेटची जागा १२ फूट, आत येताना जमीन थोडी चढते, डावीकडे १५ फूट भिंत मोकळी. आणि शेवटी लिहिलंय, 'सध्याचं गेट जड चालतं, पण फॅब्रिकेटर म्हणतो मोटर लागली की ओढेल.' या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. बाकीचं कोणीही सांगितलं असतं.

आधी मूळ प्रश्न उरकतो. तुमच्याकडे सरकतंच गेट लागेल. जमीन आत चढत असेल तर आत उघडणारा पल्ला खाली घासतो. बारा फुटांना एक फूट चढ धरा, सहा फुटी पल्ला पूर्ण उघडला की टोकाशी जमीन सहा इंच वर आलेली असते. म्हणजे बंद गेटखाली सहा इंचांहून जास्त फट ठेवावी लागेल, त्यातून कुत्रं आरामात ये-जा करेल. बाहेर उघडणारं गेट रस्त्यावर येतं, तो विषयच नको. सरकत्याला मात्र जागा मोजताना १२ फूट धरू नका. दोन्ही बाजूंना खांबामागे चार-सहा इंच गेट झाकलं गेलं पाहिजे, म्हणजे गेट १३ फुटी झालं, वर स्टॉपरची जागा. १५ फुटांत बसतं, पण भिंतीला मध्येच नळ किंवा मीटरची पेटी नाही ना ते बघा.

आता किलो. सगळे खोक्यावरचा आकडा वाचतात, गेटचं वजन कोणी काढत नाही. काढायला दहा मिनिटं लागतात. २ मिमी लोखंडी पत्रा चौरस मीटरला १५.७ किलो भरतो. १३ बाय ६ फुटांचं गेट सव्वासात चौरस मीटर, म्हणजे पत्रा ११४ किलो. ५० बाय ५० बाय ३ मिमीचा चौकोनी पाइप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास. चौकट, मधली आडवी आणि तीन उभ्या धरून २१ मीटर लागतो, म्हणजे ९० किलो. चाकं वगैरे मिळून एकूण २२० किलो. हौसेने दोन्ही बाजूंनी पत्रा मारला तर ३३०. खोक्यावरचा आकडा याच्या साधारण दुप्पट घ्या. एका पत्र्याला ४०० ते ५०० किलोची, दोन पत्र्यांना ६०० किंवा त्याच्या वरची. पण तो आकडा काय सांगतो हेही कळून घ्या. मोटर वजन उचलत नसते, फक्त ढकलते. चाकं मोकळी फिरतात आणि ट्रॅक पाणसळीत आहे असं धरून कंपनीने तो लिहिलेला असतो. ट्रॅक वाकडा असेल तर ८०० किलोची मोटर २०० किलोच्या गेटापुढे हात टेकते.

म्हणून मोटर विकत घ्यायच्या आधी एक ताणकाटा आणा. गेटच्या खालच्या चौकटीला अडकवून हळू ओढा आणि दर फुटाला आकडा टिपून ठेवा. बेअरिंगच्या चाकांवर, सरळ ट्रॅकवर २२० किलोचं गेट चालू लागलं की पाच-सात किलोच्या ओढीने सरकतं. सुरुवातीच्या धक्क्याला थोडं जास्त लागतं. कुठेही १० किलोच्या वर गेलं की तिथे खडूने खूण करा. दोष तिथेच आहे: ट्रॅकचा सांधा वर आलाय, जमीन खचलीय, किंवा गेटला वरून उभं धरणारा गाइड रोलर पकडतोय. गाइड रोलरला दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिमी मोकळीक लागते. घट्ट बसवला म्हणजे गेट डुलत नाही, हा मोठा गोड गैरसमज आहे.

'मोटर ओढेल' म्हणून जे गेट सोडून दिलं गेलं, त्याचं पुढे काय झालं ते सविस्तर सांगतो. चौदा फुटी, दोन्ही बाजूंनी पत्रा. ट्रॅक म्हणजे उलटा अँगल, दोन-अडीच इंचांच्या काँक्रीटवर ठोकलेला, खाली बीम नाही. रोज गाडीची चाकं त्याच दोन जागांवरून जायची. वर्षभरात तिथे ट्रॅक आठेक मिमी बसला. गेट त्या खड्ड्यावरून जाताना पुढून झुकायचं आणि त्याच्यावर बसवलेली दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, खाली येऊन मोटरच्या दातेरी चक्रावर, म्हणजे पिनियनवर टेकायची. टेकायची म्हणजे गेटचं वजन चाकांवरून निघून मोटरच्या शाफ्टवर यायचं. मोटर घुरघुरायला लागली, तापायला लागली, तापली की आतलं थर्मल कटआउट उडायचं आणि गेट अर्ध्यात उभं. निदान झालं, 'फोर्स कमी पडतोय.' मोटरच्या कंट्रोल बोर्डवरचा फोर्सचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला. गेट चालायला लागलं, सगळे खूश. पण फोर्स पूर्ण वाढवला की अडथळा लागल्यावर उलटं फिरण्याची मोटरची समज संपते, हे कोणी बोललं नाही.

मग पावसाळ्यात फोटोसेलच्या, म्हणजे वाटेत कोणी आलं की किरण तुटून गेट थांबवणाऱ्या सेन्सरच्या, काचेवर कोळ्याने जाळं विणलं. गेट उघडायचं, बंद व्हायचं नाही. जाळं पुसायला ओला फडका पुरला असता. त्याऐवजी फोटोसेलच्या दोन टर्मिनलमध्ये बोटभर वायर टाकून जंपर मारला. फोटोसेलचा संपर्क नेहमी बंद असतो आणि किरण तुटला की उघडतो, त्यामुळे जंपर मारला की बोर्डाला कायम 'वाट मोकळी आहे' असंच दिसतं.

तिसरी गोष्ट, रॅक. पिनियनवर आपटून आपटून रॅकचे स्क्रू सैल झाले. गेट कुठे थांबायचं हे मोटरला सांगणारं लिमिटचं मॅग्नेट रॅकवरच बसवलेलं असतं, ते तिच्याबरोबर तिरकं झालं आणि सेन्सरपासून लांब गेलं. एका रात्री गेट उघडलं, मॅग्नेट सेन्सरसमोरून गेलं, सेन्सरला कळलंच नाही. मोटर ढकलत राहिली. मागे स्टॉपर नव्हता, कारण 'लिमिट आहे की, स्टॉपर कशाला?' गेटचं पुढचं टोक गाइड रोलरमधून सुटलं आणि सव्वातीनशे किलोंवरचा पत्रा आत आडवा झाला. खाली लहान मुलाची सायकल होती, तिची चाकं आठच्या आकड्यासारखी वळली होती. मूल घरात झोपलेलं होतं, एवढंच.

फॅब्रिकेटरचं म्हणणं शेवटपर्यंत एकच: मोटर खराब निघाली. मोटर उघडली तर पितळी गिअर झिजलेला, शाफ्टचं बेअरिंग फुटलेलं. हो, खराबच झाली होती. तिच्यावर गेट बसवलं होतं ना! तिथे नवी मोटर मागवली गेली, जास्त किलोची. ट्रॅक तसाच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ट्रॅकखाली लोखंड घातलेला काँक्रीटचा बीम, निदान फूटभर खोल, गेट जिथे मागे सरकतं तिथपर्यंत अखंड. गेटच्या रुंदीपुरता बीम करून पुढे नुसत्या फरशीवर ट्रॅक टाकतात, तोही खचतो. ट्रॅकचे सांधे ग्राइंडरने घासून नखाला लागणार नाहीत इतके सपाट. ट्रॅक लांबीच्या दिशेने पूर्ण पाणसळीत, कारण उतारावर मोटर अनलॉक केली, म्हणजे गेट हाताने सरकवायला किल्लीने सोडवली, की गेट स्वतःहून पळतं. मग दोन्ही टोकांना स्टॉपर: ८-१० मिमी पट्टीचा, बीममध्ये १२ मिमी बोल्टने रोवलेला, तोंडाला रबर. हाताने जोरात लोटून गेट आपटून बघा, स्टॉपर हलला नाही पाहिजे. लिमिट अशी लावा की गेट स्टॉपरच्या दोन-तीन सेंमी आधी थांबेल. स्टॉपर रोज लागण्यासाठी नसतो, लिमिट चुकलेल्या दिवसासाठी असतो.

एवढं झालं की मोटर. पाया दीड फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा-दीड फूट खोल, आणि वरचा पृष्ठभाग जमिनीपेक्षा दोन इंच वर, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात बोर्ड पोहतो. पाया ओतायच्या आधीच दोन वेगळे पाइप त्यातून वर काढा, एक २३० व्होल्टचा आणि एक फोटोसेल, बटण, बत्ती यांच्या वायरींचा. एकाच पाइपमध्ये दोन्ही कोंबले की बोर्डाला भुतं दिसतात, गेट आपोआप उघडतं आणि मग रिमोटला दोष. मोटरला स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग. तारा ओढून झाल्या की पाइपांची तोंडं बुजवा. पाल आणि मुंग्या ऊब शोधत बोर्डावर येतात. जळालेले बोर्ड उघडले की ट्रान्सफॉर्मरशेजारी वाळलेली पाल सापडते, हे विनोदाने लिहीत नाहीये.

रॅक लावताना गेट आधी पूर्ण उघडा, रॅक पिनियनवर ठेवून पहिला स्क्रू मारा, मग मोटर अनलॉक ठेवून गेट हाताने सरकवत पुढचा. दोन तुकड्यांच्या सांध्याखाली तिसरा तुकडा उलटा धरून दात जुळवा, क्लॅम्प लावा, मगच स्क्रू आवळा. घरगुती मोटरींना बहुतेक वेळा मॉड्यूल ४ ची रॅक असते, दातापासून दात १२.५७ मिमी. सांध्यात हे अंतर चुकलं की गेट तिथे दर वेळी 'टक' करतं. सगळी रॅक लागल्यावर ती दीड-दोन मिमी वर उचला, म्हणजे पिनियनला तिचं ओझं लागणार नाही. दोन दातांमधून कागदाचा जाडसर तुकडा दाबला न जाता फिरला पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

फोटोसेल जमिनीपासून ५० सेंमीवर, खांबाच्या शक्य तितका जवळ. युरोपच्या ईएन १२४५३ या मानकानुसार गेटचं टोक आणि खांब यांच्यातली फट ५० सेंमीपर्यंत असताना धक्का ४०० न्यूटनच्या वर जाऊ नये आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनच्या खाली यावा. ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४० किलोचा दाब. घरी एवढं मोजता येत नाही, पण फोर्स कमीत कमी ठेवून गेट अडखळत नाही इथवरच वाढवा, आणि पुठ्ठ्याचं रिकामं खोकं मध्ये धरून बघा. खोकं चेपलं तर फोर्स जास्त आहे. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन लहान मुली विजेच्या गेटात सापडून दगावल्या. जंपर मारणाऱ्याला हे ऐकवा. ऑटो-क्लोज चालू ठेवायचं असेल तर फोटोसेलशिवाय अजिबात नाही.

दोन पल्ल्यांबद्दल थोडक्यात, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागेल. दांड्याच्या मोटरला बिजागरीच्या मध्यापासून मोटरच्या मागच्या पिनपर्यंतची दोन मापं, अ (बंद गेटच्या ओळीत) आणि ब (त्याला काटकोनात), यांची बेरीज ९० अंश उघडायला दांड्याच्या वापरता येणाऱ्या स्ट्रोकइतकी, म्हणजे दांडा जितका आत-बाहेर होतो तितकी हवी, आणि दोन्ही जवळपास सारखी असली तर पल्ला गुळगुळीत फिरतो. जाड खांबाच्या मधोमध बिजागरी असेल तर हे जमत नाही, खांब खाचवावा लागतो किंवा कोपरासारख्या दुमडणाऱ्या हाताची मोटर घ्यावी लागते. आणि पूर्ण पत्रा मारू नका. ताशी ५४ किलोमीटर वाऱ्यात चौरस मीटरला १३५ न्यूटन दाब येतो, साडेतीन चौरस मीटरच्या पल्ल्यावर जवळजवळ ४८ किलो. तो सगळा मोटरच्या गिअरवर.

हे सगळं घरच्या गेटचं आहे, दिवसाला दहा-वीस वेळा उघडणाऱ्या. सोसायटीच्या गेटाला अखंड चालणारी मोटर लागते, तिथे हे आकडे लावू नका. वीज वारंवार जात असेल तर २४ व्होल्टची डीसी मोटर बॅटरीसकट घ्या, ती हळू थांबते आणि अडथळाही बरा ओळखते. रिमोट रोलिंग कोडचाच, म्हणजे दर वेळी कोड बदलणारा, फिक्स कोडचा कोणीही कॉपी करतो. आणि हो, तुमचा फॅब्रिकेटर ताणकाटा बघून हसेल. हसू दे. त्यालाच धरायला द्या आणि आकडा मोठ्याने वाचायला सांगा.

अनलॉकची किल्ली घरात ठेवू नका. वीज गेल्यावर तुम्ही गेटाबाहेर असाल.