वाचक विचारतात : सर्कशीतील प्राण्यांसाठी काय मागावे?

प्रश्न : आमच्या गावी नुकतीच सर्कस येऊन गेली. वाघ-सिंह नव्हते, परंतु उंट, घोडे, सायकल चालवणारे मोठे रंगीत पोपट आणि जळत्या कड्यातून उडी मारणारा कुत्रा होता. प्राण्यांचे खेळ पूर्ण बंद व्हावेत म्हणून आम्ही काही मित्र सह्या गोळा करतो आहोत. वडील मात्र नाराज आहेत. सर्कस ही सांगलीकडच्या विष्णुपंत छत्रे यांची देणगी, ती तुम्ही बुडवणार, असे ते म्हणतात. आम्ही नेमके काय मागावे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या वडिलांचा अभिमान रास्त आहे. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली, आणि पुढे केरळातील तलश्शेरीच्या कीलेरी कुञ्ञिकण्णन या कसरतपटूशी त्यांचा संबंध आल्यावर तिकडेही सर्कशीची परंपरा रुजली. ती टिकली माणसांच्या कसरतीवर. झुल्यावरच्या मुलीला आपण काय करतो आहोत हे ठाऊक असते. वाघाला ते कधीच ठाऊक नव्हते.

लहानपणी मी तंबूच्या मागे साखळदंडाने बांधलेली एक हत्तीण पाहिली होती. एक पाय किंचित उचलून ती सारखी डावीउजवीकडे डुलत होती, आणि ‘बघा, हत्ती नाचतोय’ असे म्हणून मोठी माणसे आम्हां मुलांना पुढे ढकलत होती. रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या जनावराला जागीच जखडल्याचे ते लक्षण आहे हे मला फार उशिरा कळले, आणि त्या दिवशी टाळ्या वाजवल्याचे आजही वाईट वाटते.

वाघ-सिंह तंबूतून गेले ते कायद्यामुळे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम २२ नुसार केंद्र सरकार एखाद्या प्राण्याचे खेळ करण्यास मनाई करू शकते. तशी अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, ती न्यायालयात अडकली, आणि फेरविचारानंतर १४ ऑक्टोबर १९९८ रोजी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह या पाच प्राण्यांच्या खेळांवर पुन्हा बंदी आली. व्यवसायाचे स्वातंत्र्य हिरावले जाते हा सर्कसमालकांचा युक्तिवाद केरळ उच्च न्यायालयाने ६ जून २००० रोजी फेटाळला, आणि १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड होता : या जनावरांना न्यायचे कुठे? विशाखापट्टणम, तिरुपती अशा ठिकाणी बचाव केंद्रे उभारावी लागली. सर्कशीतील कित्येक सिंह आफ्रिकी व आशियाई यांच्या संकराचे असल्याने त्यांना आशियाई सिंहांच्या गीर जंगलात सोडणे शक्यच नव्हते. पिंजऱ्याशेजारच्या मोकळ्या आवारात, वंश न वाढवता, त्यांनी आपले म्हातारपण काढले. म्हणून आपल्या निवेदनात ‘बंदी घाला’ याच्या खालीच ‘आणि प्राण्यांची सोय अमुक ठिकाणी करा’ हे वाक्य असलेच पाहिजे.

आता आपल्या गावच्या खेळाविषयी. खेळात वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांची २००१ च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि प्राण्याला आगीजवळ नेण्यास त्याच नियमांत मनाई आहे. त्यामुळे जळत्या कड्याचा खेळ आजही तक्रारीस पात्र आहे; तारीख, वेळ व छायाचित्रासह पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे अर्ज द्यावा. ते पोपट मकाव असतील, तर २०२२ च्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीनंतर अशा परदेशी पक्ष्यांचीही नोंद करावी लागते. त्याबाबत वनविभागाकडे विचारणा करावी.

संपूर्ण बंदीसाठी नवा मजकूर शोधण्याची गरज नाही. सर्कशीत कोणताच प्राणी वापरू नये असा नियमांचा मसुदा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केला होता, त्याचाच आधार घ्यावा. त्याच्या जोडीने नगरपालिकेकडे जावे, असा माझा आग्रह आहे. इंग्लंडमध्ये सर्कशीतील वन्य प्राण्यांविरुद्धचा कायदा २०१९ मध्ये झाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील अनेक स्थानिक परिषदा आपली मैदाने अशा सर्कशींना देत नव्हत्या. मैदान भाड्याने देताना प्राण्यांचे खेळ होणार नाहीत अशी अट घालावी, एवढा ठराव आपल्या पालिकेकडे मागा. आणि झुला, जाळी, विदूषक यांच्या खेळांसाठी भाडे कमी करावे, हेही त्याच अर्जात लिहा. त्या अर्जावर सही करायला वडिलांनाही अडचण वाटू नये.