मग काय निघालं त्याच्यात?

प्रिय बेटा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोन करणार होतो, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलो. पीएच.डी. इथेच करावी की पुण्या-मुंबईला अर्ज टाकावा, हा तुझा प्रश्न. चांगला गाईड मिळत असेल तर खुशाल जा, मी अडवणार नाही. पण शेवटच्या ओळीत तू लिहिलंस, ‘सर, नागपुरात करण्यासारखं आता काय उरलंय?’ ते मला अजिबात पटलं नाही. वाईटही वाटलं.

तू भूशास्त्राची. निदान तुला तरी मी हे सांगायला नको की हे शहर कशावर बसलंय. सेमिनरी हिल्सकडून पश्चिमेला जावं तो काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पूर्वेकडे विहीर खणली की लागतो त्याहून कितीतरी जुना नाइस, उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक. कामठीच्या बाजूला गोंडवनाचा वालुकाश्म आणि कोळसा, रामटेकच्या वाटेवर मनसर-कांद्रीचं मँगनीज. सकाळी डबा घेऊन निघालीस तर हे सगळं बघून दिवेलागणीला घरी पोचशील. आपल्या विषयाच्या माणसाला असं गाव फार ठिकाणी मिळत नाही.

ते बघणारा पहिला मोठा माणूस कुठल्या विद्यापीठाचा नव्हता. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी, शाळा चालवणारे मास्तर. टाकळीच्या परिसरात त्यांना लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात जीवाश्म सापडले, आणि हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूरच्या भूशास्त्रावर लिहिलेला त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा नागपुरात विद्यापीठ यायला अजून अडुसष्ट वर्षं होती. सप्टेंबर १८६३मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं, बघून परतताना हिस्लॉप नदीच्या पुरात वाहून गेले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९६८-६९च्या हंगामात, त्याच टाकळघाट आणि खापा इथे नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली रीतसर उत्खनन केलं. मास्तरचं अर्धवट राहिलेलं काम विद्यापीठाने पुढे नेलं, असंच मी त्याकडे बघतो. विद्यापीठ कशासाठी असतं असं मला कुणी विचारलं की मी ही गोष्ट सांगतो. एका माणसाचं आयुष्य संपलं तरी प्रश्न सोडून न देणारी जागा गावात कुठेतरी असावी लागते.

इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी नागपुरात शिकवलं. वाकाटक या प्राचीन राजघराण्याचे ताम्रपट वाचता वाचता त्यांनी विदर्भाचा हरवलेला कालखंड उभा केला.  ताम्रपट इथल्या मातीतच निघत होते, वाचणारा हवा होता.

आता माझं ऐक. हे मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

माझ्या पीएच.डी.चा विषय भूजलाचा होता. वर्षातून दोनदा नमुने घ्यायचे, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा ओसरल्यावर. जिल्ह्यातल्या एका गावात भर दुपारी हापशीवर पोचलो. एक बाई पाणी भरत होती. तिने आपला गुंड बाजूला सरकवला आणि मला म्हणाली, तुम्ही धरा, मी हापसते. मी एक लिटरची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, काठोकाठ भरली, बूच लावलं, वर नंबर घातला. शेजारी तिची दोन पोरं उभी होती. त्यांच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे होते. मी ते बघितलं आणि डायरीत टिपूनही ठेवलं.

प्रयोगशाळेत त्या बाटलीतलं फ्लोराइड निघालं लिटरला दीड मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेच्या दुपटीहून जास्त. कारण तू जाणतेसच. नाइसमधल्या कृष्णाभ्रक, ॲपेटाइट अशा खनिजांतून फ्लोराइड सुटतं, खोल भेगांत पाणी वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, त्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतं आणि मग फ्लोराइडला अडवणारं फारसं काही उरत नाही. म्हणून बोअरच्या पाण्यात ते जास्त आणि उघड्या विहिरीत बहुधा कमी. हे सगळं मी नीट लिहिलं. नकाशा काढला, पेपर छापला, वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी कौतुक केलं. पदवी मिळाली, नोकरी मिळाली.

अकरा वर्षांनी बीएस्सीच्या मुलांना फील्डवर घेऊन त्याच गावावरून चाललो होतो. हापशी तीच. बाईही तीच असावी असं मला वाटलं, तिने मात्र मला ओळखलं नाही. मी सांगितलं, मागे एकदा इथून पाणी तपासायला नेलं होतं. तिने सहज विचारलं, “मंग काय निंगालं होतं जी त्याच्यात?”

माझ्या मागे पंचवीस पोरं वह्या घेऊन उभी होती. मला बोलता येईना.

त्या दिवशी आम्ही पुढे गेलोच नाही. शाळेच्या ओट्यावर बसून गावातल्या लोकांना सगळं सांगितलं. हापशीचं पाणी धुण्याभांड्याला वापरा, प्यायला नको. नाल्याकाठच्या जुन्या विहिरीचा नमुना घेतला, तपासला, तो मर्यादेत निघाला, आणि या खेपेला आठवड्याच्या आत स्वतः जाऊन सांगून आलो. लोकांनी विहीर उपसली, तिच्यावर जाळी बसवली. पण मधल्या अकरा वर्षांत जी पोरं तेच पाणी पीत वाढली, त्यांचे दात काही परत पांढरे झाले नाहीत. माझा पेपर आजही कुणीकुणी संदर्भाला घेतं. त्याचं नाव दिसलं की मला ती बाई आठवते.

बेटा, विद्यापीठात शिकवणं, संशोधन आणि समाजासाठीचं काम असे तीन वेगळे रकाने असतात, तीन वेगळ्या फायली असतात. मूल्यांकनाचे फॉर्म तसेच असतात, तिथे इलाज नाही. पण त्या ओट्यावर तिन्ही एकच होतं. पंचवीस पोरांना त्या दुपारी भूजल जितकं कळलं, तितकं माझ्या वर्षभराच्या तासांत कळलं नसेल. त्यातल्या एका मुलीने विचारलं, “सर, मग पाऊस पडल्यावर हापशीचं फ्लोराइड कमी होतं का?” तिच्या प्रश्नावर मी पुढची चार वर्षं काम केलं. म्हणून सांगतो, पीएच.डी. करताना बीएस्सीची प्रॅक्टिकल्स घ्यायला मिळाली तर ती वेठबिगार समजू नकोस. राज्यातल्या विद्यापीठांत जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे हाल आहेत, ते मी नाकारत नाही आणि त्याचा मला रागही येतो. पण खडकाचा तुकडा पहिल्यांदा भिंगाखाली धरणाऱ्या पोराचा प्रश्न तुझ्या गाईडला सुचणार नाही.

आता ‘काय उरलंय’ त्याबद्दल. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तू कॉलेजात असशील. नाग नदी गावाच्या मधून वाहते आणि आपण तिला नाला म्हणतो. रस्ते सिमेंटचे झाले, अंगणात फरश्या आल्या. मग पश्चिम नागपुरातल्या कातळात पाणी आता नेमकं कुठून मुरतं? जुन्या वाड्यांच्या विहिरी किती उरल्या, त्यांची पातळी मे महिन्यात कुठे असते? भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण नदीकाठच्या भूजलात काय उतरतंय? एका प्रबंधात मावणार नाही एवढं काम लॉ कॉलेज चौकापासून सायकलच्या अंतरावर पडलंय. मदतही शेजारीच आहे. पाणी आणि सांडपाण्यासाठी ‘नीरी’, जी १९५८पासून याच गावात आहे. मातीसाठी अमरावती रोडवरचा मृदा सर्वेक्षण ब्युरो, कापसासाठी वर्धा रोडवरची संस्था. ही माणसं एकमेकांना दिल्लीच्या परिषदेत भेटतात, इथे भेटत नाहीत. तू जाऊन दार वाजव. विद्यार्थ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि हे विद्यापीठ गावावर वरून कुणी आणून ठेवलेलं नाही. ४ ऑगस्ट १९२३ला ते सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे अख्खा मध्यप्रांत होता. पुढे सागर, अमरावती, गडचिरोली अशी विद्यापीठं वेगळी झाली. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात आपली दौलत त्याला दिली, तिच्यातून १९४२ साली तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली. देणाऱ्यांनी गावातल्या पोरांसाठी दिलं. तू त्याच पोरांतली आहेस.

राहायचं ठरवलंस तर एवढं कर. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिण्याआधी महिनाभर नुसती फिर. पूर्वेकडे पारडीपर्यंत, पश्चिमेला वाडीपर्यंत, विहिरी बघत. लोक काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिही. ‘पानी खारं लागते’, ‘डाळ शिजत नाही’ हे क्षारांबद्दल मीटरच्या आधी सांगतात. पीएच (आम्लता) आणि कंडक्टिव्हिटी (पाण्याची विद्युतवाहकता) जागेवरच मोज, प्रयोगशाळेत आणून नको. आणि डायरीत नमुना क्रमांक, तारीख, खोली, खडक यांच्या शेजारी आणखी एक रकाना आख. त्यात ज्यांचं पाणी नेलं त्यांचं नाव आणि फोन नंबर. त्यापुढे ‘सांगितलं’ असं लिहून तारखेसाठी जागा मोकळी ठेव. त्या तारखा भरल्याशिवाय पेपर पाठवू नकोस.

बाहेर गेलीस तरी हा रकाना सोबत ने.

शनिवारी दुपारी मी घरी आहे. माझ्या जुन्या फील्ड डायऱ्या माळ्यावरून काढून ठेवतो. सगळ्यांत तो रकाना नाही, नंतरच्या सातांत आहे. येताना जिल्ह्याची टोपोशीट, म्हणजे भूरचनेचा तपशीलवार नकाशा, घेऊन ये, ते गाव कुठे ते दाखवतो.

तुझा,
सर