औषधानंतर मलेरियाच्या परजीवीत जीन चौपट वाढलेला दिसतो, खरा मानायचा का?

नाशिकच्या कॉलेजातल्या एमएस्सी प्रकल्पात प्लाझमोडियम फॅल्सिपेरमला औषध दिल्यावर क्यूपीसीआरमध्ये (आरएनएपासून बनवलेला डीएनए मोजणारी चाचणी) एका जीनचा आरएनए चौपट दिसतोय, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात मानू नका. आधी औषध दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही फ्लास्कच्या गिम्सा स्लाइड (परजीवी दिसावेत म्हणून रंगवलेल्या) शेजारी ठेवून बघा. रक्तातलं चक्र साधारण ४८ तासांचं असतं आणि बहुतेक जीन त्यात एकदाच शिखर गाठतात. औषधाने वाढ रखडली की एकीकडे रिंग (कोवळी अवस्था), दुसरीकडे ट्रोफोझोइट (त्यापुढची मोठी अवस्था), आणि तुम्ही मोजलेला फरक निव्वळ वयाचा निघतो.

म्हणून सगळे परजीवी एकाच वयाचे करायला रिंग अवस्थेत ५% सॉर्बिटॉलचं द्रावण द्या, ३७ अंशांवर १० मिनिटं. मोठ्या अवस्था फुटून जातात. पुढच्या चक्रात पुन्हा एकदा करा, मगच औषध घाला.

दुसरी गोची डीएनएची: आरएनएत परजीवीचा मूळ डीएनए मिसळला असेल तर तोही मोजला जातो. बऱ्याच जीनमध्ये इंट्रॉनच (आरएनएतून कापला जाणारा तुकडा) नाही, त्यामुळे प्रायमर (चाचणीसाठी जीनवर बसणारे छोटे डीएनए तुकडे) इंट्रॉनच्या दोन बाजूंना बसवून डीएनए वेगळा ओळखायची सोय नसते. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्याच, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यासोबत लावा. ही नळी वाचवू नका, निम्मे घोळ तिथेच पकडले जातात. तुलनेसाठी संदर्भ जीन म्हणून सेरिल-टीआरएनए सिंथेटेज चांगला. परजीवीच्या जीनोममध्ये सुमारे ८०% ए आणि टी ही अक्षरं (एटी), तेव्हा पीसीआरमधलं एक्स्टेन्शन (डीएनएची नवी साखळी वाढण्याचा टप्पा) ७२ ऐवजी ६० अंशांवर ठेवा. सीक्वेन्सिंगसाठी आरएनए पुण्याला पाठवणार असाल तर ड्राय आइसवरच.