धरणावरून आलास की आधी बॅटरी चार्जिंगला लाव

भावा, कण्हेर धरणात छोट्या होडीला ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवणारी बॅटरीवरची छोटी मोटर) लावणार असशील तर गाडीची जुनी बॅटरी अजिबात वापरू नकोस. ती स्टार्टरला क्षणभर जोराचा करंट द्यायला बनवलेली असते. तासन्‌तास उतरवत राहिलं की लवकर मरते. डीप सायकलच घे, म्हणजे बराच वेळ उतरवत राहायला बनवलेली बॅटरी. इन्व्हर्टरची ट्युब्युलर चालते, पण वजन फार, आणि होडी कलली तर ॲसिड सांडायची भीती. माझ्या मते सीलबंद एजीएम बरी, तिच्यात ॲसिड आतल्या चटईत शोषलेलं असतं.

या सगळ्या लेड-ॲसिड बॅटऱ्याच; अशी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि गेलेली ताकद बहुतेक परत येत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी चार्जर लाव, मासे नंतर साफ कर. 100 एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) असेल तर 10 अँपिअरचा, भरल्यावर आपोआप फ्लोटवर (अगदी हलक्या चार्जवर) जाणारा चार्जर पुरतो. रात्रभर राहू दे, खोली मात्र हवेशीर हवी.

रात्री वीज जाते आपल्याकडे, त्यामुळे नुसत्या तासांवर विसंबू नकोस. चार्जर काढून काही तासांनी मल्टिमीटर लाव. 12.7 व्होल्टच्या आसपास दिसलं तर भरली; 12.1 म्हणजे निम्मी संपली, त्याखाली शक्यतो उतरवू नकोस. मोटर चालू असताना आकडा खाली दिसतोच, तो धरायचा नाही. आणि फुल स्पीडला करंट कितीतरी जास्त ओढला जातो, तेव्हा गळ टाकताना मोटर हळूच चालव.

पुढे लिथियम घेतलीस तर चार्जरही लिथियमचाच घे. पावसाळ्यात होडी बंद असली तरी महिन्यातून एकदा लेड-ॲसिड बॅटरी चार्ज कर.