१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिएंडर पेसला मिळालेलं कांस्यपदक निव्वळ नशिबाचं होतं का?

पेसच्या टेनिस एकेरीतल्या त्या पदकाबद्दल तुम्ही विचारलंत, पण त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला म्हणजे अमेरिकेचा अव्वल खेळाडू पीट सॅम्प्रास आलाच नाही, त्याच्या जागी आलेल्या रेनेबर्गनं सामना अर्धवट सोडला, बरेच मोठे खेळाडू फिरकलेच नाहीत, मग पदक नशिबाचंच म्हणायचं ना? दुसरा तुम्ही जाता जाता विचारलाय: अमेरिकेच्या आंद्रे अगासीकडून उपांत्य फेरीत हरल्यावर पदक मिळालंच कसं? मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो. पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

टेनिस १९२४ नंतर ऑलिंपिकमधून बाहेर पडलं आणि पदकांचा खेळ म्हणून परतलं ते १९८८ ला, सोलमध्ये. तिथे आणि पुढे १९९२ ला बार्सिलोनात उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य द्यायची पद्धत होती. सोलमध्ये एडबर्ग आणि ब्रॅड गिल्बर्ट, बार्सिलोनात इव्हानिसेविच आणि चेर्कासोव्ह. चौघेही आपापली उपांत्य लढत हरले आणि पदक घेऊन घरी गेले. अटलांटात हा नियम बदलला. कांस्य एकच, आणि हरलेल्या दोघांनी त्यासाठी आपसात खेळायचं.

म्हणजे पेस चार वर्षं आधी त्याच फेरीत त्याच स्कोअरनं हरला असता, तर कोर्टवरून बाहेर येतानाच त्याचं पदक पक्कं झालेलं असतं. अटलांटात अगासीशी हरल्यावर त्याच्या हातात काहीच नव्हतं. होतं ते दुखावलेलं मनगट आणि अजून एक सामना. ‘नशीबवान’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही बाजू कधी येत नाही.

आता ड्रॉबद्दल, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी पडली त्याबद्दल. एकेरीत ६४ खेळाडू होते, पेस तेव्हा २३ वर्षांचा, जागतिक क्रमवारीत सव्वाशेच्या आसपास आणि वाइल्ड कार्डवर (क्रमवारीच्या जोरावर नव्हे, खास दिलेल्या प्रवेशावर) आलेला. पहिल्याच फेरीत गाठ सॅम्प्रासशी पडायची होती, त्यानं माघार घेतली आणि समोर आला अमेरिकेचाच रिची रेनेबर्ग. इथे नशिबानं साथ दिली हे मान्यच करायला हवं. पण रेनेबर्ग म्हणजे कुणी भरतीचा खेळाडू नव्हता. दुहेरीत तो जगात अव्वल क्रमांकावर राहिलेला, एकेरीतही चांगला, आणि घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणारा. पहिला सेट त्यानं टायब्रेकरमध्ये (६-६ बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणाऱ्या गेममध्ये) घेतला, दुसरा पेसनं टायब्रेकरमध्येच खेचून आणला, आणि तिसऱ्यात पेस १-० वर असताना रेनेबर्गनं सामना सोडला. सामना तोवर बरोबरीत आलेला होता, आणणारा पेस होता. जॉर्जियाच्या जुलैमधल्या उकाड्यात ज्याचं शरीर शेवटपर्यंत टिकतं, त्याला लोक नशीबवान म्हणतात. मी तंदुरुस्त म्हणेन.

त्यानंतरच्या तीन फेऱ्यांत मात्र कुणी सामना सोडला नाही. व्हेनेझुएलाचा निकोलस परेरा, ज्यानं १९८८ मध्ये ज्युनियर गटाची तीन ग्रँड स्लॅम जिंकली होती, तो ६-२, ६-३ असा गेला. मग स्वीडनचा थॉमस एन्क्विस्ट. माझ्या मते हा त्या आठवड्यातला पेसचा सगळ्यात मोठा विजय, आणि याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. एन्क्विस्ट मानांकित होता, बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून) दोन्ही बाजूंनी सपाट आणि जोरकस मारणारा, पुढे १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी गाठणारा. त्याला पेसनं ७-५, ७-६ असं सरळ दोन सेटमध्ये हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत इटलीचा रेन्झो फुर्लान, त्याच वर्षी पहिल्या विसात पोचलेला. ६-१, ७-५. तीन सामने, एकही सेट न गमावता.

क्रमवारीत शंभराच्या बाहेरचा माणूस हे करू कसा शकला? त्याच्या खेळाची ठेवणच वेगळी होती. प्रतिस्पर्ध्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर बहुतेक खेळाडू मागे उभं राहून मोठा स्विंग घेतात. पेस एक पाऊल आत यायचा, रॅकेट जेमतेम खांद्यापर्यंत न्यायचा, चेंडू स्लाइस करून (खालून कापत मारून) खोल ठेवायचा आणि त्या चेंडूच्या मागोमाग नेटकडे पळायचा. स्लाइस केलेला चेंडू उसळत नाही, त्यामुळे समोरच्याला गुडघ्याखालून उचलून मारावं लागतं, आणि मान वर करेपर्यंत पेस नेटवर तयार. नव्वदीतल्या बेसलाइनवाल्यांना लय हवी असायची: चार-पाच चेंडू इकडून तिकडे, मग फटका. पेस ती लय लागूच द्यायचा नाही. रॅली तिसऱ्या-चौथ्या चेंडूलाच निकालात निघायची. हात इतके चपळ की अंगावर आलेला पासिंग शॉटही (नेटवरच्या खेळाडूला ओलांडून जाण्यासाठी मारलेला फटका) तो नुसती रॅकेट आडवी धरून नेटपलीकडे टाकायचा. आठवडेच्या आठवडे वेगवेगळ्या शहरांत एकेरी खेळून गुण जमवायला ही शैली फारशी सोयीची नाही. सर्व्हिस मोठी नाही, मागून मारून जिंकायची ताकद नाही. पण एखाद्या आठवड्यात सूर लागला तर समोरच्याला कळायच्या आत सामना संपतो.

आणि देशासाठी खेळताना त्याचा सूर लागायचा हे काही अटलांटात पहिल्यांदा दिसलं नव्हतं. १९९५ च्या डेव्हिस कपमध्ये (देशादेशांच्या संघांची स्पर्धा) दिल्लीच्या ग्रासवर त्यानं इव्हानिसेविचला दोन सेटच्या पिछाडीवरून हरवलं होतं. सॅम्प्रास असता तर पेस पहिल्याच फेरीत घरी गेला असता, असं जे म्हणतात त्यांच्यासाठी: १९९८ मध्ये न्यू हेवनला हार्ड कोर्टवरच पेस आणि सॅम्प्रास समोरासमोर आले. पेस जिंकला, ६-३, ६-४. यावरून अटलांटातही तोच जिंकला असता असा दावा मी करत नाही. पण ‘नक्की हरला असता’ हा दावाही तितकाच पोकळ आहे.

मोठे खेळाडू आले नाहीत हे खरं. त्यामागचं कारण साधं होतं. तेव्हा ऑलिंपिकमधल्या विजयाला क्रमवारीचे गुण नव्हते, ते २००० पासून सुरू झाले आणि २०१२ नंतर पुन्हा बंद झाले. बक्षिसाची रक्कम तर नव्हतीच. विम्बल्डन नुकतंच संपलेलं, अमेरिकन ओपन तोंडावर, मग मधले दिवस अटलांटात कोण घालवणार? पण जे आले नाहीत ते सगळ्यांसाठीच आले नाहीत. त्याचा फायदा ६४ जणांना सारखाच होता आणि उपांत्य फेरीपर्यंत पोचले चौघेच. शिवाय जे आले होते त्यातलेही बरेच घसरले. इव्हानिसेविचसारखा खेळाडू पहिल्याच फेरीत बाहेर गेला.

पेसच्या बाजूनं गेलेली एक खरी गोष्ट सांगायची तर मी सॅम्प्रासचं नाव घेणार नाही, सामन्याच्या स्वरूपाचं घेईन. बार्सिलोनात क्लेवर (मातीच्या कोर्टवर) पाच सेटचे सामने होते, अटलांटात हार्ड कोर्टवर अंतिम सामना सोडता बाकी सगळे तीन सेटचे. नेटवर धावत येऊन खेळणाऱ्याला हे फार सोयीचं. क्लेवर चेंडू मंदावतो, समोरच्याला पासिंग शॉट मारायला वेळ मिळतो, आणि पाच सेटमध्ये त्याला तुमची खेळी ओळखायलाही वेळ मिळतो. अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनऐवजी तीच स्पर्धा बार्सिलोनाच्या लाल मातीवर असती तर पेस उपांत्य फेरीपर्यंत आला असता असं मला वाटत नाही. (स्टोन माउंटनचं ते टेनिस सेंटर पुढे ओस पडलं आणि आता पाडलंही गेलंय.)

उपांत्य फेरी अगासीशी. त्या वर्षी अगासी काही फार भरात नव्हता, विम्बल्डनला पहिल्याच फेरीत हरला होता. पण घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि सर्व्हिस परतवण्यात त्याच्या तोडीचा त्या काळात कुणी नाही. नेटवर येणाऱ्या खेळाडूसाठी याहून वाईट प्रतिस्पर्धी शोधून सापडणार नाही. तरीही पहिल्या सेटमध्ये पेस सेट पॉइंटपर्यंत पोचला होता. तो सेट त्यानं टायब्रेकरमध्ये गमावला, दुसरा ६-३ असा. अगासीनं पुढे अंतिम सामन्यात स्पेनच्या ब्रुगेराला ६-२, ६-३, ६-१ असं अक्षरशः धुतलं. म्हणजे त्या शेवटच्या दोन फेऱ्यांत अगासीला खरी झुंज कुणी दिली ते तुम्हीच ठरवा.

थोडं विषयांतर करतो. ही लढत दोन ऑलिंपियनांच्या मुलांची होती. लिएंडरचे वडील वेस पेस १९७२ ला म्युनिकमध्ये कांस्य जिंकणाऱ्या हॉकी संघात होते. अगासीचे वडील इराणकडून १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगला उतरले होते. १९५२ म्हणजे हेलसिंकी, जिथे आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं. भारताचं पेसच्या आधीचं शेवटचं वैयक्तिक पदक तेच. मधली ४४ वर्षं कोरडी, आणि १९८४, १९८८, १९९२ या तीन ऑलिंपिकमध्ये तर भारताच्या नावावर सांघिकसुद्धा एकही पदक नाही. त्या काळात ऑलिंपिक आलं की पदकतालिकेत भारत शोधायची सवयच आपण सोडून दिली होती. अटलांटातही भारताला मिळालेलं ते एकमेव पदक.

तर ३ ऑगस्टचा तो सामना. समोर ब्राझीलचा फर्नांडो मेलिजेनी, डावखुरा, क्लेवर वाढलेला, कुठलाही चेंडू न सोडणारा. डावखुऱ्याची सर्व्हिस अॅडव्हांटेज कोर्टातून बाहेर वळत जाते, थेट उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडवर. पेसचा बॅकहँड एका हाताचा, आणि सगळा भरवसा स्लाइसवर आणि व्हॉलीवर (टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्यावर), जिथे जे काही होतं ते मनगटाच्या पकडीवर होतं. त्याच मनगटाच्या दुखण्यासह तो कोर्टवर उतरला होता. पहिला सेट ६-३ असा मेलिजेनीचा. इथवर बघितलं तर सगळं संपल्यासारखंच. दुसरा सेट पेसनं ६-२ असा घेतला आणि तिसरा ६-४.

कांस्यपदकाचा सामना किती जीवघेणा असतो हे समजून घ्यायचं असेल तर तो कोण कोण हरलंय ते बघा. २००० ला सिडनीत फेडरर तो फ्रान्सच्या दी पास्कालकडून हरला, आणि एकेरीचं सुवर्ण त्याला कधीच मिळालं नाही. जोकोविच २०१२ ला डेल पोत्रोकडून हरला आणि पुन्हा टोकियोत कारेनो बुस्टाकडून. नदाल रिओत निशिकोरीकडून. अंतिम सामना हरलेल्याला निदान रौप्य मिळतं. इथे हरलात तर लागोपाठ दोन पराभव आणि हात रिकामे. उपांत्य फेरी हरल्यावर एखाद-दोन दिवसांत मनातून ती काढून टाकून पुन्हा उभं राहायचं असतं, आणि वर नाव घेतलेल्या तिघांनाही ते जमलं नाही. खुद्द पेसलाही दुसऱ्या खेपेला जमलं नाही. २००४ ला अथेन्समध्ये तो आणि त्याचा जोडीदार महेश भूपती दुहेरीचं कांस्य क्रोएशियाच्या अँचिच आणि लुबिचिचकडून तिसऱ्या सेटमध्ये १६-१४ असं हरले. त्या दिवशी नशीब कुणाच्या बाजूनं होतं, हे मात्र आपल्याकडे कुणी विचारत नाही.

पेस त्यानंतर २०१६ पर्यंत, एकूण सात ऑलिंपिक खेळला. भारताला टेनिसमध्ये त्याआधी आणि त्यानंतर दुसरं पदक मिळालेलं नाही.

आणि मेलिजेनी? तो १९९९ मध्ये फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, पण ऑलिंपिक पदक त्याच्या वाट्याला आलं नाही. ब्राझीलला टेनिसमधलं पहिलं ऑलिंपिक पदक थेट टोकियोत मिळालं, महिला दुहेरीत. बार्सिलोनाचा नियम अटलांटातही चालू राहिला असता तर ३ ऑगस्टचा सामना झालाच नसता, आणि पेसबरोबर त्यालाही कांस्य मिळालं असतं.